बिनधोक पान

नाना देवगावकर हिरव्या सिग्नलला थांबत. लाल सिग्नलला सगळेच थांबतात, निदान थांबायला हवं असं मानतात. पण क्रांती चौकात समोर हिरवा दिवा दिसत असताना स्कूटर बाजूला घेऊन, एक पाय जमिनीवर टेकवून शांतपणे उभा राहिलेला माणूस मी एकच पाहिला. मागचे रिक्षावाले त्यांच्या सात पिढ्यांची विचारपूस करत पुढे जायचे. एकदा मी त्यांच्या मागे बसले होते तेव्हा न राहवून विचारलं. ते म्हणाले, "हा जुना हिरवा आहे. कधीचा लागलाय, कोणाला माहीत. नवा हिरवा येऊ दे, मग जाऊ. काय घाई आहे का आपल्याला?"

मला घाई होती. कॉलेजात माझा पहिला तास होता. पण नानांच्या स्कूटरवर बसायचं म्हणजे घाई घरी ठेवून निघायचं.

नाना जाऊन आता वर्ष होत आलं. उस्मानपुऱ्यातल्या त्या दुमजली घरात ते आणि कमलकाकू खाली राहत, मी वर भाड्यानं. मूळचे ते देवगाव रंगारीचे. वडील गावचे जोशी, पंचांग सांगणारे; मुहूर्त बघितल्याशिवाय त्या घरात उंबरठा ओलांडत नसत, असं काकू सांगायच्या. म्हणजे भीती वारशानं आलेली. त्यात नानांनी नोकरी केली ती वीज खात्यात, सबस्टेशनवर. तिथे घाई करणारा माणूस निवृत्तीपर्यंत पोचत नाही. आधी पुरवठा तोडायचा, मग तार जमिनीला जोडायची, मग थांबायचं, आणि मग हात लावायचा, तोही हाताची मागची बाजू. तळहात लागला तर बोटं मिटतात आणि माणूस तारेला चिकटतो. मागची बाजू लागली तर हात झटकला जातो. नोकरी सुटली तरी ही सवय सुटली नाही. चहाचा कप, दाराची कडी, पेरू, शेजाऱ्यांचं तान्हं बाळ, सगळ्याला नाना आधी हाताच्या मागच्या बाजूनं शिवत.

आमच्या शहराचं नाव बदललं तेव्हा गल्लीत दोन तट पडले. नाना कुठल्याच तटात गेले नाहीत. पत्ता सांगायची वेळ आली की ते जुनं आणि नवं अशी दोन्ही नावं एका दमात सांगत, आणि पिनकोड दोनदा.

अशा माणसाला पत्त्यांचा नाद असावा, ही देवाची थट्टाच म्हणायची. पण होता. दर रविवारी दुपारी चार वाजता नानांच्या बैठकीत ब्रिजचा डाव मांडला जायचा. एका बाजूला नाना आणि काकू, दुसऱ्या बाजूला हमीदभाई आणि मी. हमीदभाई म्हणजे नानांचे नोकरीपासूनचे दोस्त, मागच्याच गल्लीत राहणारे. त्यांचा आधीचा भिडू मुलाकडे नाशिकला गेला आणि वर राहायला आलेली रसायनशास्त्राची मास्तरीण त्यांच्या हाती लागली. मला तोवर फक्त गुलामचोर येत होतं.

ब्रिज ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चार माणसं, दोन जोड्या. एक जोडी बोली जिंकते, म्हणजे आम्ही अमुक इतके हात करून दाखवू असं कबूल करते. बोली जिंकणाऱ्याचा भिडू आपले सगळे पत्ते सर्वांसमोर उघडे मांडतो आणि डाव संपेपर्यंत गप्प बसतो. त्याला डमी म्हणतात. त्याचे पत्तेसुद्धा बोली जिंकणाराच खेळतो. दुसऱ्या जोडीचं काम एवढंच की त्यांना कबूल केलेले हात करू द्यायचे नाहीत. बोलीत नाना सुमार होते, कारण कबूल करणं त्यांच्या जिवावर यायचं. पण दुसऱ्याची बोली हाणून पाडायची असली की त्यांच्यासारखा चिवट माणूस नव्हता.

त्यांची पद्धत साधी होती. काही करायचं नाही. आपला हात झाला की ज्या रंगानं काही बिघडणार नाही असं बिनधोक पान परत टाकायचं. राजा हातात असेल तर त्या रंगाला स्वतः तोंड फोडायचं नाही. समोरच्यानं फोडावं, त्यानं चुकावं. मला शिकवताना ते म्हणायचे, "त्याचं काम त्यालाच करू दे ना. बोलीचं ओझं त्याच्या डोक्यावर, आपल्या डोक्यावर काय आहे? आपण बसायचं." आणि खरंच, नाना नुसते बसत आणि समोरचा माणूस घामाघूम होऊन स्वतःच्या हातानं बुडे. हमीदभाई पार वैतागून जायचे. "नाना, एक बार तो खुलके खेलो. तुम पत्ता डालते की बेटी की रुखसती करते?" नाना चष्मा वर सरकवत आणि पुन्हा एक निरुपद्रवी चौकी टाकत.

मात्र या पद्धतीला एक अपवाद आहे, आणि तो मला नानांनीच शिकवला होता. डमीत एखादा लांब, भरभक्कम रंग तयार बसला असेल तर थांबून उपयोग नाही. समोरचा आपले हरायचे पत्ते एकेक करून त्यावर फेकून मोकळा होतो आणि आपण हातात राजे घेऊन बसून राहतो. "म्हणून आधी बघायचं, वेळ कोणाच्या बाजूची आहे," ते सांगत. "थांबल्यानं त्याची अडचण होत असेल तर थांबायचं. आपली होत असेल तर उघडायचं. मग राजा मेला तर मरू दे."

हे ते इतकं सुंदर समजावून सांगायचे. आणि स्वतःवर वेळ आली की त्यांचा हात उठायचा नाही.

आमच्या शहरातल्या एका स्पर्धेत मी त्यांच्या मागे खुर्ची टाकून बसले होते. डमीत किलवरची पाच पानं, एकापेक्षा एक. माझ्यासारख्या नवशिक्या मुलीलाही दिसत होतं की आता बदाम उघडला नाही तर संपलं. नानांकडे बदामाचा राजा होता. त्यांनी त्या राजाला बोट लावलं, मागं घेतलं, परत लावलं, आणि हुकमाचं एक गरीब पान टाकलं. पुढच्या दोन मिनिटांत समोरच्यानं आपले सगळे बदाम किलवरवर फेकून दिले. बदामाचा एक्का काकूंच्या हातात होता.

परतताना रिक्षात मी मधे होते. काकू म्हणाल्या, "एक्का आणि राजा, दोन्ही आपल्याच घरात, आणि दोन्ही उपाशी मेले." नाना म्हणाले की एक्का समोर असता तर? काकू म्हणाल्या की तुम्ही लग्नातसुद्धा हार घालताना असेच थांबला होतात. मग नानांनी काकूंनी तिसऱ्या डावात टाकलेल्या सत्तीचा विषय काढला. ती सत्ती नको होती, छक्की हवी होती. तो वाद घरी पोचला, जेवायला बसला, दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना पुन्हा उभा राहिला. मला वर ऐकू येत होतं.

या भांडणाला हमीदभाई पंचनामा म्हणायचे. डाव संपला की पत्ते परत उलगडायचे आणि नवरा-बायकोनं एकमेकांच्या चुका टेबलावर मांडायच्या. काकूंचं माहेर गुलमंडीचं, कपड्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरचं. घासाघीस ऐकत वाढलेली बाई; ती ऐकून घेणार? त्या खेळायच्या धाडसानं, अनेकदा नको इतक्या. हसायच्याही तशाच, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं. नाना एरवी मुंगीला वाट देणारे, पण काकूंनी चुकीचं पान टाकलं की त्यांचा आवाज चढायचा. एक मात्र सांगायला हवं. पंचनाम्यात नाना स्वतःला सोडत नसत. कोणाच्या लक्षात न आलेली आपली चूकसुद्धा ते स्वतःहून सांगत. डावाबद्दल त्यांनी कधी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही. बाकी व्यवहारात, म्हणजे डॉक्टरांनी साखर बंद केल्यावर वगैरे, ते बिनदिक्कत खोटं बोलत.

गच्चीचा कठडा कमी उंचीचा म्हणून नाना कधी गच्चीवर येत नसत. एका उन्हाळ्यात एके दिवशी सकाळी ते आले. मी कपडे वाळत घालत होते. ते जिन्याच्या दाराला पाठ लावून उभे राहिले आणि म्हणाले, "वर्षा, तुला एक सांगायचंय. पण खाली बोलायचं नाही."

काकूंना अधूनमधून चक्कर यायची आणि डोकं दुखायचं म्हणून तपासण्या झाल्या होत्या. काकूंना सांगितलं होतं की अर्धशिशी आहे. खरं असं होतं की मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला फुगा आला होता. चकरांचा त्याच्याशी संबंध असेलच असंही नाही, तो शोधता शोधता सापडला होता. फुटला तर संपलं. शस्त्रक्रिया करावी तर तिचाही धोका होता, लकव्यापासून सगळ्याचा. डॉक्टर म्हणाले होते की सध्या लहान आहे, लक्ष ठेवू, काही महिन्यांनी पुन्हा तपासू, रक्तदाब मात्र चढू द्यायचा नाही. नानांनी हे ऐकलं आणि त्यांना त्यातली एकच गोष्ट धरावीशी वाटली. थांबता येतं.

काकूंना सांगायचं नाही, हे त्यांनी डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर येता येताच ठरवलं होतं. तिला कळलं तर ती घाबरेल, घाबरली की रक्तदाब चढेल, चढला की फुटेल. या साखळीत मला कुठे बोट घालावं कळेना. हमीदभाईंनाही त्यांनी सांगितलं. त्या रविवारपासून बैठकीत चार माणसं पत्ते खेळायची आणि त्यातल्या तिघांचं लक्ष पत्त्यांवर नसायचं, काकूंवर असायचं.

त्या महिन्यांइतकी भीती मी पुन्हा अनुभवलेली नाही. काकू शिंकल्या की आम्ही तिघं हातातल्या पत्त्यांसकट थिजायचो. त्या मोठ्यानं हसल्या की हमीदभाई अल्लाचं नाव घ्यायचे. कुकरची शिट्टी झाली आणि त्या झटकन उठल्या की नाना त्यांच्या आधी उठून स्वयंपाकघरात पोचलेले असायचे. एकदा भर उन्हात काकू खाली भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून वाद घालत होत्या. मी वरून धावत आले, भाजीवाल्याला मागे ओढलं आणि म्हणाले, देऊन टाक दादा, काय हवं ते घे. काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. मीही कॉलेजात शिकवताना मधेच थांबायचे, फोन वाजतोय का बघायला. पोरांना वाटलं, मॅडमचं लग्न ठरलंय.

नानांनी घरातून एकेक गोष्ट काढायला सुरुवात केली. मीठ गेलं. लोणचं गेलं. टीव्हीवरच्या बातम्या गेल्या, मग मालिका गेल्या, कारण त्यात सासवा फार. पाण्याची बादली, गव्हाचा डबा, गादी, सगळं ते स्वतः उचलू लागले, सत्तरी ओलांडलेल्या वयात. काकू झोपल्या की ते त्यांच्या नाकापाशी हाताची मागची बाजू धरून बसतात, हे त्यांनीच मला सांगितलं. मी विचारलं की तुम्ही झोपता कधी? त्यावर ते म्हणाले, "मी बसतो की."

आणि पंचनामा गेला. काकूंनी कितीही आचरट पान टाकलं तरी नाना म्हणायचे, "चालायचंच." हमीदभाई आणि मी त्या पानाकडे बघायचो नाही. आम्हाला वाटलं की हे उत्तमच झालं, घरात शांतता आली.

पावसाळा संपता संपता दुसरी तपासणी झाली. नाना जिन्याखाली, विजेच्या मीटरपाशी मला भेटले आणि हळू आवाजात म्हणाले, "वाढलाय." डॉक्टर आता थांबा म्हणत नव्हते. लवकर करून घ्या म्हणत होते. नानांनी दिवाळीनंतर बघू असं सांगून वेळ मागून घेतली होती. मी म्हणाले की आता काकूंना सांगायलाच हवं. ते नकारार्थी मान हलवत राहिले. संध्याकाळी हमीदभाई आले, त्यांनी नानांना अंगणात घेऊन विचारलं, "सर किसका है? भाभी का है ना? फिर तुम कायकू अकेले खेल रहे?" नाना पाठ फिरवून घराकडे वळले. आत जाताना ते भिंतीला धरून गेले, हे मी पाहिलं.

त्यानंतरचा रविवार. बोली हमीदभाईंनी जिंकली होती, म्हणजे मी डमी. माझे पत्ते मांडून मी नियमानं मुकी झाले होते. तिसऱ्या की चौथ्या हाताला नानांनी बदामाचा राजा टाकला. तो हात नानांचाच होणार हे उघड होतं; काकूंनी हातातलं सगळ्यात हलकं पान टाकायचं, एवढंच काम. काकूंनी नानांच्या राजावर बदामाचा एक्का ठेवला.

आपल्याच भिडूच्या राजावर एक्का. दोन हातांचा माल एका हातात गेला. पहिल्या आठवड्यात मीसुद्धा ही चूक केली नव्हती. हमीदभाईंचा हात हवेतच राहिला. काकू नानांकडे बघत होत्या.

नाना म्हणाले, "चालायचंच."

काकूंनी हातातले उरलेले पत्ते उताणे टाकले. त्यात बदामाची दुर्री होती. त्यांनी ती बोटानं पुढे सरकवली.

"ही होती माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "असून मी एक्का टाकला. मुद्दाम टाकला. एका सत्तीसाठी तुम्ही माझं दोन दिवस डोकं खाल्लं होतं. आणि उन्हाळ्यापासून मी काय वाट्टेल ते खेळू राहिले, तुम्ही मला एक शब्द नाय. मीठ बंद केलं, तेव्हा मला काही वाटलं नाही. तुम्ही बोलायचं बंद केलं, तेव्हा कळलं. काय झालंय मला?"

नाना पत्ते गोळा करू लागले. ते हातात मावेनात. मग त्यांनी सांगितलं, टेबलाकडे बघत, अगदी सबस्टेशनचा अहवाल द्यावा तसं. फुगा कुठे, केवढा होता, केवढा झाला, डॉक्टर काय म्हणाले. काकूंचा चेहरा पांढरा पडला. मी त्यांच्या कपाळाची शीर बघत होते, आता फुटते की काय या भीतीनं. हमीदभाईंनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे धरला. त्यांनी घेतला नाही.

"ही पोरगी डमी आहे," काकू माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "डाव संपला की ही बोलेल. माझं काय? पत्ते माझे, तुम्ही ते सगळ्यांपुढं मांडून बसलात, आणि मलाच बोलायची बंदी. मी कधी बोलायचं?"

नाना रडत होते. आवाज नव्हता, नुसतं चष्म्याखालून पाणी येत होतं. ते म्हणाले की थोडे दिवस थांबू, एखाद्या वेळी आहे तेवढाच राहील, कित्येकांचा राहतो. काकूंनी ऐकून घेतलं. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"बायको म्हणून विचारत नाय मी. भिडू म्हणून विचारते. डाव म्हणून सांगा. थांबलो तर वेळ कोणाच्या बाजूची आहे? आपल्या, का त्याच्या?"

मला वाटलं आता नाना खोटं बोलतील. त्यांनी बोलावं, असंही मला त्या क्षणी वाटलं, कारण शस्त्रक्रिया या शब्दाची मलाही तितकीच धास्ती होती. पण प्रश्न डावाचा होता.

"त्याच्या," नाना म्हणाले.

"मग उघडा," काकू म्हणाल्या आणि उठून चहा टाकायला गेल्या. आत गेल्यावर बराच वेळ गॅस पेटल्याचा आवाज आला नाही. नाना उठले नाहीत, म्हणून मी गेले. त्या ओट्याला दोन्ही हात टेकवून उभ्या होत्या.

हॉस्पिटल जालना रोडला होतं. सकाळी त्यांना आत नेलं तेव्हा काकू मला म्हणाल्या की यांनी कालपासून काही खाल्लं नाही, एवढं बघ. मग त्यांनी नानांच्या शर्टाचं वरचं बटण लावून दिलं. दार मिटलं. नाना दाराकडे तोंड करून उभेच राहिले. त्यांना बसवायला हमीदभाईंना दोन्ही खांदे धरावे लागले.

जोश्याच्या घरातला मुलगा. लहानपणी वडिलांनी शिकवलेलं स्तोत्र ते म्हणू लागले. तोंडपाठ होतं, पण मधल्या एका ओळीपाशी आले की पुढचं आठवेना. ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करत, पुन्हा तिथेच अडकत. शेजारी हमीदभाईंच्या बोटांत जपमाळ फिरत होती. असं किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटी नाना थांबले आणि म्हणाले, "हमीदभाई, तुमचं चालू आहे ना?"

"हौ," हमीदभाई म्हणाले.

"तेच चालू ठेवा. माझं पुढं जाईना." आणि मग माझ्याकडे वळून, एखादं दुखणं सांगावं तसं म्हणाले, "पोरी, मला लई भीती वाटू राहिली." आयुष्यभर भीत आलेल्या त्या माणसाच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. तोवर ते काळजी म्हणायचे, सावधगिरी म्हणायचे, घाई काय आहे म्हणायचे. मलाच धीर द्यायला कोणीतरी हवं होतं. मी डब्यातली पोळी मोडून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती धरून ठेवली, खाल्ली नाही.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा दुपार उलटून गेली होती. झालं, म्हणाले. नानांना त्याचा अर्थ लागेना. "काय झालं?" त्यांनी विचारलं. व्यवस्थित झालं, डॉक्टर म्हणाले, पण शुद्धीवर येऊ द्या, मग कळेल. म्हणजे भीती संपली नाहीच. काकू दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्या. डावा हात आणि डावा पाय उचलेना. कैक महिने व्यायाम, मालीश, नानांचा मुक्काम त्यांच्या उशाशी. हळूहळू हात कामापुरता आला, पाय ओढत का होईना चालू लागला. डॉक्टरांनी सांगितलं की आता तिथला धोका गेला, निर्धास्त राहा.

भीतीला एकदा सामोरं गेलं की ती पळून जाते, असं लोक म्हणतात. नानांची गेली नाही. पंचनामा पुन्हा सुरू व्हावा म्हणून काकू मुद्दाम वेडीवाकडी पानं टाकत, टोमणे मारत. नाना रागवायचा प्रयत्न करत, पण त्यांचा आवाज चढायच्या आधीच उतरायचा. हमीदभाई त्यांना म्हणायचे की अरे बाबा, अब तो बला टल गयी. नाना मान डोलवत. त्यांना ते पटलेलं नसायचं. बला टळते यावर त्यांचा विश्वास नव्हता; ती दुसऱ्या रंगात जाते, एवढंच. ते स्वतः गेले ते झोपेत, कोणालाही हाक न मारता. ज्या बाईच्या श्वासावर त्यांनी इतक्या रात्री पहारा केला, ती शेजारच्या खाटेवर गाढ झोपली होती.

घराबाहेर मला ते शेवटचे दिसले ते त्याच्या काही आठवडे आधी, दिवाळीच्या तोंडावर, गुलमंडीत. मी एका दुकानातून पिशवी घेऊन बाहेर पडले तर समोरच्या बाजूनं काकू चालल्या होत्या. हातात काठी होती. आधार घ्यायचा नाही ही त्यांची अट असायची, कोणी कोपराला हात लावला तरी झिडकारत. बाजार तुंबलेला, दुचाक्या माणसांतून घुसत होत्या, आणि काकू पाय ओढत, माहेरच्या रस्त्यावर आल्याच्या ऐटीत, दुकानं बघत चालल्या होत्या. त्यांच्या मागे दोन पावलांवर नाना होते. त्यांनी दोन्ही हात पुढे, थोडे फाकवून धरले होते, मूल चालायला शिकत असताना धरतात तसे. काकू एका दुकानापाशी थांबल्या आणि वळून काहीतरी म्हणाल्या. नानांचे हात झटकन खाली गेले, ते वर दुकानाची पाटी वाचू लागले. काकू पुन्हा चालू लागल्या, पुन्हा हात वर आले. लोक त्यांना धक्के देत होते, एक मोटारसायकलवाला ओरडला. त्यांचं कोणाकडे लक्ष नव्हतं.

मी हाक मारायला तोंड उघडलं होतं. मग मनात आलं, नाना वळून माझ्याकडे बघतील, आणि तेवढ्यात काकूंचा पाय अडखळला तर? मी पिशवी छातीशी धरून तिथेच उभी राहिले, आणि ती दोघं गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत हाक मारली नाही.